डावीकडचा निळा

छापखान्यातल्या रंगकाकांना मशीन चालवता येत नव्हतं, आणि संगणकाला तर ते लांबूनच नमस्कार करत. त्यांचं काम एकच. खोक्यांचा रंग नमुन्याबरहुकूम उतरलाय की नाही, ते सांगणं. ते ‘चालू करा’ म्हणाले की मशीन सुरू व्हायचं. नुसतंच ‘हं’ म्हणाले, तर मशीनवाल्याने ओळखायचं की आज जेवायला उशीर. थोरल्या मालकांच्या वेळेपासून हे असंच चालत आलं होतं. आता मालकांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी बसायची. ती लहानपणी याच खोलीत रद्दी कागदांवर लोळली होती, आणि रंग ओळखायला तिला काकांनीच शिकवलं होतं.

काकांची एक खोड होती. नमुना डावीकडे ठेवायचा, नवं काम उजवीकडे. मग उजव्या डोळ्यावर हात धरून डाव्याने नमुना बघायचा, आणि हात बदलून उजव्याने काम. असं का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. माणूस कामाला पक्का, पण तोंडाने फटकळ.

त्या आठवड्यात मालकीणबाईंनी काकांच्या टेबलावरच्या मॉनिटरशेजारी दुसरा मॉनिटर आणला आणि मध्ये स्प्लिटर नावाची काळी डबी बसवली. संगणकातलं एकच चित्र दोन्ही पडद्यांवर दिसणार होतं, म्हणजे गिऱ्हाइकाला काकांच्या खांद्यावरून डोकवायला नको. काकांना ही गर्दी आवडली नाही.

आज एका मोठ्या गिऱ्हाइकाची निळी खोकी छापायची होती. कागद मशीनवर चढले होते. काका टेबलाशी बसले, डोळ्यावर हात गेला, आणि कपाळावर आठी आली. उजव्या पडद्यावरचा निळा स्वच्छ होता. डावीकडचा मळकट, हिरवट. चित्र एक आणि रंग दोन, म्हणजे डबीच खोटी. काकांनी डबी विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला आणि त्याची अशी काही हजेरी घेतली की तो बिचारा गिऱ्हाईक सोडून स्कूटरवरून आला.

दुकानदार शांत गडी होता. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काका,” तो म्हणाला. “दोष जिच्याबरोबर हलेल, ती चोर.”

त्याने डबीतल्या केबलींची अदलाबदल केली. मळका निळा डावीकडेच. डबी मधून काढून डावा मॉनिटर थेट संगणकाला जोडला. तरी मळका. “म्हणजे डबी सुटली,” दुकानदार म्हणाला, आणि डबी परत जोडून त्याने दोन्ही मॉनिटर उचलून जागा बदलल्या. आता डावीकडचा उजवीकडे आला आणि लख्ख दिसायला लागला, आणि मघाचा साळसूद डावीकडे जाऊन मळका झाला. काकांनी दुकानदाराकडे बघितलं. दुकानदाराने घाम पुसला.

“काका, मला तर पहिल्यापासून दोन्ही सारखेच दिसतायत.”

“मग डोळे तपासून घ्या,” काका म्हणाले.

दुकानदाराने हात टेकले आणि तो चहा न घेताच गेला. काका एकटेच बसून राहिले. केबली बदलून झाल्या, डबी झाली, मॉनिटर झाले. या टेबलाशी न बदललेलं आता काय उरलं होतं? त्यांचा हात डोळ्यावर होताच. तो त्यांनी हळूच दुसऱ्या डोळ्यावर नेला आणि डावा पडदा उजव्या डोळ्याने बघितला.

निळा स्वच्छ होता.

या खोलीत त्यांच्यापाशी डोळ्यांखेरीज दुसरं काय होतं? गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. डबीवर खापर फोडायचं, ती परत पाठवायची, आणि उद्यापासून उजव्या डोळ्यावर भागवायचं. पण हा डोळा कधीपासून फसवत होता आणि तेवढ्या काळात किती खोकी बाहेर गेली, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना. त्यांना मनापासून भीती वाटली.

मालकीणबाई आत आल्या. “काय ठरलं काका, परत पाठवू का?”

“डबी चांगली आहे,” काका म्हणाले. “माझा डावा डोळा बिघडलाय. निळ्याला मळका दाखवतोय.”

त्यांना वाटलं, ती दचकेल. ती दचकली नाही. शेजारची खुर्ची ओढून बसली आणि टेबलाकडे बघत राहिली. मग काकांना उमगलं.

“तुला माहीत होतं.”

“बरेच दिवस झाले,” ती म्हणाली. “नमुना तुम्हाला मळका दिसायचा, मग कामातही तुम्ही पिवळा वाढवायला सांगायचात. तुमची पाठ वळली की मी मशीनवाल्याला खूण करायचे, तो कमी करायचा.”

“आणि ही डबी?”

“गिऱ्हाइकाचं निमित्त केलं. दोघांनी मिळून बघितलं असतं, म्हणजे तुमच्या मागे काही करावं लागलं नसतं. सांगायला किती वेळा आले, काका. तोंडच उघडेना.”

काकांना वाईट वाटलं. लहान मूल पोळ्या लाटायला बसलं की आई त्याचं मन राखते, तसं सगळा छापखाना आपलं मन राखत होता, आणि आपण मात्र रुबाबात ‘हं’ म्हणत होतो. राग कुणावर काढावा, तर तसं कुणी सापडेना. मशीनवाला इतके दिवस हे जाणून होता आणि त्याच्या तोंडावर कधी हसू दिसलं नव्हतं.

“मोतीबिंदू असेल,” काका म्हणाले. “थोरल्या भावाला झाला होता. काढतात म्हणे.”

“उद्या सकाळी मी नेते तुम्हाला.”

बाहेरून मशीनवाल्याची हाक आली, “काका, करू का चालू?”

काकांनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. ते उठले आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली. दोन्ही पडदे तिने सावकाश बघितले, छापील नमुना उचलून उजेडात धरला, पुन्हा पडद्यांकडे बघितलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, “चालू करा.”

बाहेर काहीच हललं नाही.

“मोठ्याने सांग,” काका म्हणाले. “त्याला ऐकू गेलं पाहिजे.”