फटफटीच्या पोटातली जाळी

पत्रेमामाला खऱ्या नावानं हाक मारली तर तो वळून बघायचा नाही. ते नाव त्याचं तोच विसरून गेला होता. हल्ली तर 'पत्रेमामा' म्हटलं तरी तो वळत नव्हता. पण हे लोकांच्या ध्यानात यायला बराच काळ गेला, आणि त्याच्या स्वतःच्या ध्यानात यायला त्याहून जास्त.

पत्रा कापायचा, वाकवायचा आणि ठोकायचा, एवढंच त्याला येत होतं. पण ते असं येत होतं की कामं सोडून बघत बसावं. डबे, नरसाळी, चाळण्या, किसण्या, छपराच्या पन्हळी, सांगाल ते. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला कात्र्या टांगलेल्या, मधे ऐरण, आणि खाली कातरणांचा असा थर, की मांजरसुद्धा आत येताना पाय उचलून यायचं. उभा जन्म त्या ठणठणाटात गेला.

त्याच्याकडं एक फटफटी होती. इतकी जुनी, की तिचे भाग बनवणारे लोक कधीच वर गेले असतील. बायकोला आणि गाडीला, दोघींनाही तो 'म्हातारी' म्हणायचा. 'म्हातारी आज कुरकुरतेय' असं तो म्हणाला, की ऐकणाऱ्याला विचारून घ्यावं लागायचं, कुठली? गाडीच्या सायलेन्सरमध्ये आवाज गिळणारी जी जाळी असते, ती मागच्या कुठल्याशा मालकानं काढून फेकून दिली होती. राहिलं नुसतं पोकळ नळकांडं. किक मारली की गल्लीतल्या काचा थरथरायच्या आणि झोपलेली पोरं भोकाड पसरायची.

दर रविवारी मामा मामीला मागं बसवून तिच्या थोरल्या बहिणीकडं न्यायचा. ताई गावाबाहेर, चढ ओलांडून पलीकडं राहायची. गुडघ्यांनी तिला घरात डांबून ठेवलेलं. मामी जाताना तिला काय काय सांगायचं ते मामाला सांगायची, आणि येताना ती काय काय म्हणाली ते सांगायची. मामा पुढं बघत 'हं' म्हणायचा. थोड्या वेळानं पुन्हा 'हं'. असा त्यांचा संसार त्या रस्त्यावर बोलून व्हायचा. घरात कामांतून बोलायला सवड कुणाला होती?

मग तो चपलेचा रविवार आला. येताना चढावर मामीच्या पायातली चप्पल निसटली. "अहो, थांबा, चप्पल पडली," ती म्हणाली. मामा म्हणाला, "हं." "अहो, चप्पल!" "हं, हं." तिनं पाठीत बुक्की घातली, तर त्याला वाटलं लाडात आलीय, आणि त्यानं मूठ आणखी पिळली. मामी एका चपलेनं घरी आली. दारात उतरून तिनं ती उरलेली चप्पल काढून हातात घेतली. मामा दोन पावलं मागं सरला.

पण ती रागावली नाही. तेच वाईट होतं. "गाडीचा आवाज फार आहे," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपासून मी बसनं जात जाईन."

आणि खरंच जायला लागली. मामा रविवारी गाडी पुसायचा. पुसून झाली की परत पुसायचा. मागची सीट त्याला इतकी लांबरुंद कधी दिसली नव्हती. शेवटी एके दिवशी त्यानं ठरवलं: गाडीचा आवाज फार आहे ना? मग आवाज मारायचा.

शेजारच्या वेल्डिंगवाल्याला सगळे 'ठिणगी' म्हणत. त्याची आणि मामाची मैत्री अशी, की एकमेकांच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय दोघांना चहा गोड लागायचा नाही. ठिणगी म्हणाला, "जाळी मी करून देतो. जाड नळी, पक्कं वेल्डिंग."

"तुझं वेल्डिंग म्हणजे शेण थापल्यासारखं," मामा म्हणाला. "ही भोकांची नळी आहे. गुंडाळलेली किसणीच म्हण. किसणी कुणी करायची, तू का मी?"

त्यानं पत्रा कापला, ओळीनं भोकं पाडली, गोल नळी वळली, दोन्ही टोकांना चकत्या बसवल्या. आणि हाताच्या सवयीनं सगळे सांधे कथलाचे डाग देऊन जोडले. डब्याला देतात तसे, आरशासारखे. बाहेरून भांडी घासायच्या तारेच्या घासण्या उसवून गुंडाळल्या. मामीनं मोरीत हात घातला तर घासणी नाही. "माझ्या घासण्या कुठायत?" "गाडीच्या पोटात." मामी राखेनं भांडी घासायला बसली.

गाडी सुरू झाली आणि काय सांगावं, मांजर होऊन गुरगुरायला लागली. ठिणगीसुद्धा काम सोडून बघायला आला. मामा ऐटीत गल्लीच्या टोकापर्यंत गेला, वळला, येताना जरा जोर दिला. सायलेन्सर तापला. तापलेल्या सायलेन्सरमध्ये कथील कुठलं टिकतंय? लोण्यासारखं वितळलं. ठो! करून नळी मागून उडाली, ती थेट ठिणगीच्या पाण्याच्या पिंपात जाऊन चर्र झाली, आणि मागोमाग जळक्या घासण्यांचं एक शेपूट.

ठिणगी पोट धरून खाली बसला. "डबा भरून दिलास रे मला!"

जन्मभर ज्यानं पाण्याची आणि तेलाची भांडी जोडली, त्याला विस्तवाची नळी जोडताना विस्तवच आठवला नाही. मामा नळी पिंपातून काढून बराच वेळ हातात फिरवत बसला. ठिणगीनं हसणं आवरून वेल्डिंगच्या यंत्राकडं हात केला. "आण इकडं." मामानं मान हलवली. त्यानं नवा पत्रा घेतला, कडा एकमेकींत अडकवून दुमडल्या, ठोकून बसवल्या, रिव्हेट मारले. डाग एकही नाही. पण या वेळी घाबरून भोकं कमी पाडली. गाडी गप्प झाली ती इतकी, की चढावर पोचायच्या आत तिचा श्वास कोंडला. मामा ढकलत परत आला.

मग मामी दारात येऊन उभी राहिली. "मी ऐकते," ती म्हणाली, "तुम्ही भोकं पाडा."

तसं सुरू झालं. मामा नळी काढायचा, एक ओळ भोकं वाढवायचा, बोल्टनं बसवायचा, किक मारायचा आणि मामीच्या तोंडाकडं बघायचा. तिनं नाक मुरडलं की परत खाली बसायचा. त्याच्या हाताला थरथर कळायची, मांडीला कळायची. आवाजाचं मात्र तो तिलाच विचारायचा. असं का, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. संध्याकाळच्या सुमाराला मामीनं मान डोलावली. ठिणगी म्हणाला, "आता गाईच्या गळ्यात असते तसली घंटा बांध हिला, नाहीतर पाठीमागनं येऊन कुणाला तरी आडवा करशील."

रविवारी मामी मागं बसली. मामाचा ऊर असा भरून आला, की त्यानं दोन माणसांना उगाचच रामराम केला.

चढ लागला. गाडी दमानं चढली. वर सपाटी आली, वारा लागला, आणि मामानं सहज आरशात बघितलं. मामीचे ओठ हलत होते. ती बोलत होती. हात हलवून, मान वळवून, चांगली रंगून बोलत होती. आणि मामाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

'हं' त्याच्या ओठांवर आलं. ते त्यानं गिळलं. गाडी गप्प आहे, असं ठिणगी म्हणाला होता. गल्ली म्हणाली होती. मामी म्हणाली होती. मग आता दोष कुणाला द्यायचा? एवढ्यासाठी जाळी केली आणि जाळीनंच त्याला उघडा पाडला.

त्यानं गाडी कडेला घेतली, एका पडक्या कुंपणाशी उभी केली आणि बंद केली.

"काय म्हणालीस?"

"कुठं काय?"

"आत्ता. आरशात दिसलं मला. बोलत होतीस." तो मागं वळला नाही. "ऐकू आलं नाही. गाडी गप्प होती, तरी नाही आलं. मला वाटतं, माझे कानच गेलेत."

मामी खाली उतरली आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. "डावा गेलाय," ती म्हणाली. "उजव्यात थोडी धुगधुगी आहे."

"तुला ठाऊक होतं?"

"दारावर लोक हाका मारून मारून परत जायचे, आणि तुम्ही म्हणायचा, हल्ली आपल्याकडं कुणी येत नाही."

मामा हसला नाही. हँडलच्या रबराशी चाळा करत राहिला. "मग मला गाडीच्या मागं कशाला लावलंस? माझ्या घासण्या, माझा पत्रा..."

"घासण्या माझ्या होत्या," मामी म्हणाली. "आणि कानाचं नाव काढलं असतं, तर तुम्ही मला घराबाहेर काढलं असतं. ठिणगी भावोजींनी एकदा नुसतं म्हटलं, तर आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाहीत. गाडीला काय, कुणीही नावं ठेवावीत." तिनं पदर खोचला. "शिवाय आवाज होताच की. माझेही कान गेले असते, तर घरात कुणी कुणाला काय सांगितलं असतं?"

मामानं बाहीनं नाक पुसलं. वारा होता, म्हणून.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडं जाऊ," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तूही चल. तो काय सांगतो ते मला ऐकू यायला नको का?"

"येते. आता गाडी वळवा. ताईच्या घराचं वळण मघाच मागं राहिलं, तेच सांगत होते."

या वेळी ती सरकून अशी बसली, की तिची हनुवटी त्याच्या उजव्या खांद्यावर आली. मामानं गाडी इतकी हळू ठेवली, की एक सायकलवाला मागून आला, त्यांच्याकडं दयेनं बघून पुढं गेला. मामीचा आवाज येत होता. तुटक, मधेच वाऱ्यानं पळवलेला, पण येत होता.

"कशी वाटते?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"म्हातारी. फटफटी गं. आवाज कसा येतो तिचा? मी अजून ऐकलाच नाही."

मामीनं थोडा वेळ कान दिला. "दुसऱ्या खोलीत कुणी घोरतंय, असा."

"माझ्यासारखा?"

"तुम्ही एवढं हळू कधी घोरलात?"

ताईच्या घराबाहेर, भिंतीच्या आडोशाला गाडी उभी राहिली, तरी एरवी लांबूनच तिचा आवाज ऐकून दार उघडणारी ताई बाहेर आली नाही. मामीनं कडी वाजवली. दार उघडून ताई दोघांकडं बघतच राहिली, मग त्यांच्या मागं रिकाम्या रस्त्याकडं बघून काहीतरी म्हणाली.

मामानं बायकोकडं मान वाकवली. "काय म्हणतेय?"

"विचारतेय," मामी त्याच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली, "तुम्ही चालत आलात की काय?"