दांडीवाले सर

सरांनी दोन नावांच्या मध्ये कधी कॉमा दिला नाही. उभी दांडी द्यायचे. संगणकावर द्यायचेच, पण किराण्याच्या चिठ्ठीवरही तूरडाळ, दांडी, गूळ, दांडी, असं चालायचं. कुडव्याच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात आम्ही त्यांना दांडीवाले सर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

सुटी नावं जोडून एक सलग ओळ करायची, एवढा प्रोग्राम शिकवायला ते चार दिवस घेत. प्रत्येक नावानंतर दांडी लावत गेलं की शेवटच्या नावानंतरही एक उरते, आणि संगणक तिच्यापुढे रिकामं नाव धरून बसतो. सर म्हणायचे, "धुरा दोन बांध्यांच्या मंधात रायते. शेवटच्या बांधीले कायले पायजे?" बांधी म्हणजे धानाचं खाचर आणि धुरा म्हणजे त्याचा बांध, हे पोरांना घरूनच ठाऊक; ती जांभया द्यायची. मीही द्यायचो.

सर आमच्याच गावचे, सौंदडच्या पलीकडचे. उन्हाळी धानाला तलावाचं पाणी कोणाला कोणत्या दिवशी, ती पाळीची यादी तेच करायचे. गावात मान होता तो तेवढ्यापुरता. एका वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि यादी त्यांनी परस्पर माझ्याकडे दिली. दांडी म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट, असं समजून मी नावं कॉमानं जोडली, आणि तारखा घालणाऱ्या सरांच्या प्रोग्रामलाही दांडीऐवजी कॉमावर तोडायला सांगितलं. पण गावच्या पाणी समितीच्या वहीत आधी आडनाव, मग कॉमा, मग नाव. प्रोग्रामनं दिसेल त्या कॉमावर ओळ तोडली. एका माणसाचे दोन झाले. आडनावाला एक दिवस, नावाला दुसरा.

तलावाजवळच्यांनी गुपचूप दोन-दोन दिवस पाणी घेतलं. फुकटचं कोण सोडतं? शेवटच्या बांध्यांची पाळी येईस्तोवर तलाव आटला आणि उभा धान करपला. त्यात सरांचीही बांधी होती. मला बोलावून ते एवढंच म्हणाले, "जोडणं कोणालेही येते बाबू. तोडाची वेळ येते, तवा समजते."

बैठकीत समितीनं विचारलं, यादी कोणी केली? मी दाराशी बसलो होतो. सर उठले, "मीनं केली" म्हणाले आणि खाली बसले. पाळीचं काम त्यांच्याकडून गेलं ते गेलंच.

मी आता नागपुरात दिवसभर याद्याच जोडतो. जीव विटला आहे, पण दुसरं काही येत नाही. मागच्या वर्षी सर वारले. गावी गेलो की लोक अजून म्हणतात, माणूस चांगला होता, पण शेवटी त्या यादीत चुकला. मीही मान डोलावतो.