जित्या बँडचा दहावा

हेमचंद्र पुराणिक यांना एखादी गोष्ट आवडली नाही, की ती मुद्दाम आपल्याला डिवचायला केली आहे असं त्यांना वाटे. त्यांच्या पत्नीनं, कालिंदीबाईंनी, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं आणि तेव्हापासून भाजी कशी झाली हे विचारणं सोडून दिलं.

औरंगपुऱ्यात त्यांचे अकौंट्सचे क्लासेस. घराणं आजोबांपर्यंत पूजा सांगणारं, हेमचंद्र बी.कॉम.ची पोरं पार करून देत. पण ही झाली पोटापाण्याची ओळख. स्वतःच्या मनात त्यांची ओळख निराळी होती. 'दगडफूल' या रॉक बँडचे ते पहिले चाहते होते. किती पहिले, तर बँडचं बारसं व्हायच्या आधीपासूनचे, असं ते सांगत.

दगडफूल हा आपल्याच शहरातल्या चार पोरांचा बँड. त्यातला कर्ता माणूस सोमनाथ जंजाळ. सिल्लोडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. इंजिनिअरिंगला म्हणून आला आणि गिटार घेऊन बसला. त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव 'गावठी करंट'. लोडशेडिंगवर, एसटीच्या मागच्या सीटवर, मामाच्या न झालेल्या लग्नावर गाणी. 'लई' हा शब्द तोवर कुणी एवढ्या ताठ मानेनं माइकवर म्हटला नव्हता. गॅदरिंगमध्ये पोरं खुर्च्यांवर चढायची. हेमचंद्र तेव्हा नुकतेच शिकवायला लागले होते. तेही चढले, एकदा पडलेही. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चाहत्यांचं मंडळ काढलं, स्वतःला अध्यक्ष नेमलं आणि सर्जेराव या मित्राला उपाध्यक्ष केलं, कारण सर्जेरावांकडे जीप होती.

मग दुसरा अल्बम आला. मधल्या काळात सोमनाथ वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला कंत्राटावर लागला होता, आणि त्या कामातून त्यानं 'तिसरी पाळी' काढला. त्यात गाणी नव्हती. प्रेसचा दणका होता, पाळी सुटल्याचा भोंगा होता, कामगारांच्या बसचं चालू न होणारं इंजिन होतं. एका जागी बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एक माणूस विचारतो, "डबा खाल्ला का?" त्याला कुणी उत्तर देत नाही. गिटारही होती, पण आपण गिटार आहोत हे तिला कुणी सांगितलं नसावं अशी वाजत होती.

हेमचंद्रांनी मंडळाला घरी जमवून सीडी लावली. पोहे संपायच्या आत ती काढली. घरच्याच लग्नात पंगतीतून उठवावं तसं त्यांना झालं. "हा आपल्या तोंडावर थुंकलाय," ते म्हणाले, आणि मंडळानं तोंड पुसून माना हलवल्या.

तेवढ्यावर थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण अध्यक्षांना कल्पना सुचली. बँड आपल्या लेखी मेला, तर त्याचा दहावा घालायचा. खाम नदीच्या काठी मंडळी जमली. हेमचंद्र स्वतः सोवळं नेसून बसले. आजोबांकडून ऐकलेले मंत्र जेवढे आठवले तेवढे म्हटले, उरलेल्या जागी नुसतंच गुणगुणले. केळीच्या पानावर 'तिसरी पाळी'ची सीडी ठेवून तिच्यावर भाताचा पिंड ठेवला. डोक्यावरून पंचा ओढून सर्जेराव रडले, आणि चांगले रडले. कावळा आला, भाताला शिवला नाही, चकाकणाऱ्या सीडीवर दोन चोची मारल्या आणि उडाला. त्या अल्बमचं त्यातल्या त्यात प्रामाणिक परीक्षण तेवढंच. एका सांजदैनिकात फोटो आला: 'संतप्त चाहत्यांनी घातला सोमनाथचा दहावा'. बँडचा म्हणायचं ते सोमनाथचा झालं. जागा कमी असेल.

वर्षभरात दगडफूल फुटलं. सोमनाथ सिल्लोडला परत गेला आणि त्यानं ठिबकच्या पाइपांचं दुकान टाकलं.

पुढं बरीच वर्षं कुणाला काही आठवलं नाही. आणि मग, परवापरवाची गोष्ट, जर्मनीतल्या कुण्या पोरानं 'तिसरी पाळी' इंटरनेटवर उकरून काढला आणि त्यावर एक लांबलचक व्हिडिओ केला. आशिया खंडातला हरवलेला महान अल्बम, असं तो म्हणाला. 'डबा खाल्ला का'शी आला तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला. त्याला मराठी येत नव्हतं, हे त्याच्या पथ्यावर पडलं असावं.

जुन्या मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप एरवी वाढदिवस आणि गुडघेदुखी यांवर चाले. तो त्या दुपारी पेटला. सर्जेरावांचं आता बीड बायपासला लग्नाचं लॉन आहे, त्यांनी लिहिलं, "मी तर तवाच म्हणलो व्हतो, हे काळाच्या पुढंय." दुसऱ्यानं लिहिलं की तो अल्बम ऐकतच त्याची पोरगी जन्मली. तिसऱ्याला भोंगा पहिल्यापासून आवडायचा. पोह्यांच्या बैठकीला जेवढे हजर होते त्या सगळ्यांनी तो अल्बम मनातल्या मनात जपून ठेवला होता, फक्त सांगायचं राहून गेलं होतं.

हेमचंद्रांनी दोन दिवस ग्रुप नुसता वाचला. तिसऱ्या दिवशी त्यांनी फेसबुकवर मोठा मजकूर टाकला. त्यात 'श्रमाचा नाद', 'मौनाचं व्याकरण' असे शब्द होते आणि शेवटचं वाक्य होतं: 'तिसरी पाळी ऐकायची नसते, सोसायची असते.' हे वाक्य इतकं फिरलं की एकानं ते त्यांनाच पाठवून अर्थ विचारला.

"पूर्ण ऐकलात का तुम्ही?" कालिंदीबाईंनी शेंगा निवडता निवडता विचारलं.

"पूर्ण ऐकणं हा बाजारू आग्रह आहे," हेमचंद्र म्हणाले.

त्याच आठवड्यात कुणीतरी तो फोटो ग्रुपवर टाकला. सोवळं, पिंड, सीडी, रडणारे सर्जेराव. सर्जेराव लगेच म्हणाले की पंच्याखाली तोंड दिसत नाही, तो दुसरा कुणी असेल. हेमचंद्रांचं तोंड मात्र लख्ख दिसत होतं. संध्याकाळच्या बॅचला त्यांनी घसारा दोनदा शिकवला आणि घरी येऊन जेवायच्या आधी उत्तर लिहिलं. तो दहावा निषेध नव्हता. तो त्या अल्बमचाच शेवटचा, न रेकॉर्ड झालेला भाग होता. आम्ही कलाकृती पूर्ण केली.

लोकांनी ते मानलं. नुसतं मानलं नाही, मुंबईहून एका पोराचा मुलाखतीसाठी फोन आला. कावळ्याची निवड कशी केली, असं त्यानं विचारलं. हेमचंद्रांनी तेही सांगितलं.

आता सोमनाथला आणून सत्कार करायचा आणि त्याच्याकडून 'तिसरी पाळी' पूर्ण वाजवून घ्यायची, असं ठरलं. लॉन सर्जेरावांचं. आमंत्रण द्यायला हेमचंद्र आणि सर्जेराव सिल्लोडला गेले.

दुकानाच्या मागंच घर होतं. सोमनाथ आता जाड झाला होता. काळ्या पाइपांच्या भेंडोळ्यांत उभा राहून गिऱ्हाइकाला नळीची भोकं समजावत होता. त्यानं दोघांना बघितलं, ओळखलं, आणि आधी गिऱ्हाइकाचं काम उरकलं. मग आत नेलं. त्याची आई, द्वारकाबाई, बाजेवर बसली होती. तिनं हेमचंद्रांकडे नीट निरखून पाहिलं.

"या महाराज," ती म्हणाली. "बसा."

"मी महाराज नाही हो मावशी. मी क्लास घेतो."

"आसं कसं. पेपरात तुमीच व्हते की, उघडे बसलेले. माझ्या लेकराचा दहावा सांगत व्हते."

सर्जेराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"शेजारणीनं पेपर आणून दावला," द्वारकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पावसापाण्याचं बोलावं तसं बोलत होती. "मला वाचता येत नाय. तिनं वाचलं, सोमनाथचा दहावा. हा तिकडं वाळूजला, फोन लागंना. शेवटी धाकल्या दिरानं गाडीवर बसवून नेलं मला. कंपनीच्या गेटावर हा बाहेर आला, तवा मी याचं मनगट धरलं, ते घरी येईस्तोर सोडलं नाय. आल्यावर म्हणलं, आता जाऊ नको. जे शहर जित्या माणसाचा दहावा घालतंय तिथं काय राहायचं."

हेमचंद्रांनी घसा साफ केला. त्यांच्या मनात खरोखर काहीतरी हललं होतं. पण त्यांना सवय नव्हती, म्हणून तोंडातून जे निघायचं तेच निघालं. "मावशी, ते एक प्रकारचं प्रायोगिक होतं."

"व्हय का," द्वारकाबाई म्हणाली. "चहा घ्या."

सोमनाथनं चहाच्या वेळात आमंत्रण ऐकून घेतलं. येतो म्हणाला. फार पटकन म्हणाला. "फक्त माय संग येईल. आन वाजवायचं काय ते मी ठरवीन."

"अर्थात," हेमचंद्र म्हणाले. "ते तर तुझ्या कलेचं मर्मच आहे."

कार्यक्रमाला लॉन भरलं. पुण्याहून, नाशिकहून माणसं आली. सगळे सोसायच्या तयारीनं आले होते. काहींनी हळूच कानात कापूसही घातला होता. समोरच्या सोफ्यावर, नवरानवरीच्या जागी, द्वारकाबाई आणि शेजारी कालिंदीबाई. हेमचंद्रांनी प्रास्ताविक केलं. त्यात 'मौन' हा शब्द इतक्या वेळा आला की मागून कुणीतरी "मग धरा की" म्हणालं.

सोमनाथ आला, स्टुलावर बसला, गिटार जुळवली आणि गाणं म्हणायला लागला. साधं गाणं. कापसाच्या गाडीवर झोपून सिल्लोडच्या बाजारात जाणाऱ्या एका पोराचं. चाल अशी की दुसऱ्या कडव्याला माणसाला आपोआप येते. मग आईच्या खोकल्यावर एक. मग दुकानात पाइप न घेता नुसत्या गप्पा मारून जाणाऱ्या म्हाताऱ्यावर एक; त्यात लोक हसले, आणि हसल्यावर आपण हसायला नको होतं अशा चेहऱ्यानं एकमेकांकडे बघायला लागले. केटररची माणसं ताटं पुसायची थांबून ऐकत होती. कालिंदीबाई ताल धरून बसल्या होत्या. मागच्या रांगेत बसलेल्या हेमचंद्रांनी खाली पाहिलं तर स्वतःचाही पाय हलत होता. त्यांनी तो दुसऱ्या पायानं दाबून धरला.

पाचसहा गाण्यांनंतर त्यांना राहवेना. ते उभे राहिले. "सोमनाथ, लोक 'तिसरी पाळी'साठी आलेत. तो दणका, तो भोंगा. प्रयोग कुठंय?"

सोमनाथनं गिटारीवर हात ठेवला. "तवा रोज आठ तास प्रेसवर उभा राहायचो. घरी आलो तरी कानात तेच. झोप येत नव्हती, म्हणून ते टेपावर काढून टाकलं. काढलं, आन झोप लागली. आता पुन्हा कशाला आत घालू?"

"पण ती महान कलाकृती आहे."

"आसंल," सोमनाथ म्हणाला. "तुमाला कवापासून वाटतंय?"

लॉनवर शांतता पसरली. तिचं व्याकरण कुणी सांगितलं नाही. द्वारकाबाईनं मागं वळून हेमचंद्रांना हातानं खाली बसायची खूण केली, लहान पोराला करावी तशी, आणि ते बसले. सोमनाथनं आणखी तीन गाणी म्हटली, आईला हाताला धरून उठवलं, जेवला आणि टेम्पोत बसून गेला. सत्काराची शाल खुर्चीवरच राहिली. ती पुढं सर्जेरावांच्या वॉचमनला झाली.

दुसऱ्या दिवशी ग्रुप दुभंगला. एका बाजूनं म्हटलं की गाणी छान होती. त्यांना 'उथळ' म्हणून काढून टाकण्यात आलं, आणि त्यांनी आपला वेगळा ग्रुप केला. उरलेल्यांसाठी हेमचंद्रांनी फेसबुकवर लिहिलं: 'सोमनाथ जंजाळनं शेवटी लोकांना आवडेल ते दिलं. यापरतं कलावंताचं मरण नाही.' जर्मनीतल्या पोरानं ते वाक्य भाषांतर करून वापरलं, हे त्यांनी क्लासमध्ये सांगितलं.

आता त्यांना बाहेरगावी बोलवतात. 'तिसरी पाळी'वर ते तासभर बोलतात, नमुन्यादाखल थोडं वाजवतात आणि त्यातलं बसचं इंजिन यायच्या आत बंद करतात. त्यापुढं काय आहे हे त्यांना अजून ठाऊक नाही. विचारणारंही कुणी भेटलेलं नाही, कारण ऐकणाऱ्यांनाही ठाऊक नाही.

सोमनाथनं ती नवी गाणी दुकानातच फोनवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकली. ती शिफ्टच्या बसमध्ये वाजतात, रिक्षांमध्ये वाजतात. कालिंदीबाईही लावतात, पोळ्या लाटताना. परवा त्या कापसाच्या गाडीचं गाणं म्हणत होत्या आणि एका जागी अडल्या. हेमचंद्र शेजारच्या खोलीत भाषणाची तयारी करत होते.

"अहो, 'गाडी निघाली बाजारा'च्या पुढं काय आहे हो?" त्यांनी विचारलं.

"'उशाला माझ्या सारं शिवार'," आतून उत्तर आलं, अगदी चालीत, शेवटच्या अक्षरावरच्या हेलकाव्यासकट. आणि मग दार लावून घेतल्याचा आवाज झाला.