चंपतराव सरांचा पॉलिश पेपर

आदिलाबादच्या मराठी शाळेत चंपतराव सरांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. शिसं विषारी असतं, ते हळूहळू रक्तात भिनतं आणि लहान मुलांना सगळ्यांत जास्त बाधतं, हे त्यांनी किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल याची गणती नाही. परीक्षेत हमखास दोन मार्कांचा प्रश्न. तो प्रश्न सरांना स्वतःला घरीच चुकला, आणि ही गोष्ट ते पेन्शनर मंडळींत आपणहून सांगत. दुसऱ्यानं तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी.

रिटायर होण्याआधी त्यांनी एक जुनं घर विकत घेतलं. निजामाच्या काळात जंगल खात्याच्या कुणा अधिकाऱ्यासाठी बांधलेलं. त्याला सागवानी खिडक्या सात, माणसाएवढ्या उंच. सर जन्मले त्या झोपडीला खिडकीच नव्हती. आई-बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि घरात उजेड यायचा तो दारातून. त्यामुळे या खिडक्यांवर त्यांचा भारी जीव. जयंतीला घर झळकलं पाहिजे म्हणून दर एप्रिलात ते बनियनवर बसून पॉलिश पेपरनं जुना रंग खरखरा घासत. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पांढरा. त्याची धूळ घरभर उडे. बायको प्रयागबाई नाकाला पदर लावून रंगारी बोलवायला सांगायची. रंगाऱ्याला यातलं काय कळतं, असं सरांचं ठरलेलं उत्तर.

दोन हजार तीन साली नात विशाखा दोन वर्षांची झाली आणि तिचं खाणंच तुटलं. पोट दुखे, चेहरा पांढराफटक, दिवसभर किरकिर. गावातल्या औषधांनी उतार पडेना, म्हणून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि घरात कुणी जुना रंग खरवडतं का, असं विचारलं. सर खुर्चीत ताठ झाले.

"दरवर्षी मी स्वतः घासतो," ते अभिमानानं म्हणाले.

मग बाईंनी समजावलं की जुन्या रंगात शिसं असतं, धूळ जमिनीवर बसते आणि मूल तेच हात तोंडात घालतं. पुढचं सरांना तोंडपाठ होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सून पोरीला घेऊन थेट वांकिडीला माहेरी गेली. त्या खिडक्या निघाल्याशिवाय पोरगी घरात येणार नाही, हे तिनं बजावलं. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी खिडक्या काढायला फकिरा रंगाऱ्याला बोलावलं. या फकिराला त्यांनीच आठवीत विज्ञानात नापास केलं होतं.

फकिरा हैदराबादेत एका इंजिनिअरच्या हाताखाली जुन्या बंगल्यांची कामं करून आलेला. त्यानं सातही खिडक्या बोटानं चाचपल्या.

"सर, ठोकून काढल्या त घरभर भुकटी होईन. रंग चिकटून हाये तोवर काई करत नाई. तुमीच त्याले दरसाल उठवून राह्यले."

फकिरानं जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, लाकूड पाण्यानं भिजवलं आणि झडपा चौकटीला घासतात तेवढी कड ओली खरवडली. विशाखा धरून उभी राहायची तो खिडकीचा कट्टाही लाकडापर्यंत सोलला. ओला चुरा पिशव्यांत बांधला, बाकीचा रंग नव्या रंगाखाली बंद केला आणि फरशी साबणाच्या पाण्यानं तीनदा पुसून घेतली. सरांची रवानगी अंगणात झाली होती. एकदा न राहवून त्यांनी रंग खरवडायचा पत्रा उचलला, तर फकिरानं तो कॉपीची चिठ्ठी काढून घ्यावी तसा मुकाट्यानं काढून घेतला.

चार महिन्यांनी विशाखाच्या रक्तातलं शिसं निम्म्यावर आलं. खिडक्या ठेवल्याचं सरांनी सुनेला पत्रानं कळवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी घरी जायला हरकत नाही म्हटलं, तशी ती आली. पण पोरीला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली. खिडक्यांकडे बघत राहिली. ती तिथूनच मागे फिरली असती तरी सरांना तिला बोल लावता आला नसता.

"कोनं घासल्या?" तिनं विचारलं.

"फकिरानं. म्या हात नाई लावला."

तिनं प्रयागबाईकडे पाहिलं. प्रयागबाईनं मान डोलावली. तेव्हा कुठे सुनेनं विशाखाला खाली फरशीवर सोडलं.