खिळेवालीची करंगळी

तिला खिळेवाली म्हणायचे, कारण तिच्या तोंडात कायम बारीक खिळे असायचे. जुने सोफे उसवायचे, आतला भुसा उपसायचा, नवं कापड ताणून चौकटीवर ठोकायचं, हा तिचा धंदा. डाव्या हाताने कापड ताणलेलं, उजव्यात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे? जिभेने एकेक खिळा ओठावर आणायचा, की ठोक. चाळीस वर्षांत एकही गिळला नाही. तोंड असं भरलेलं, त्यामुळे बोलणं कमी आणि ठोकणं जास्त. ही सवय दुकानापुरती राहिली नाही, एवढंच.

नवरा पट्ट्याने मारायचा. सासरचं वळणच तसं होतं. थोरल्या दिरांनी धाकट्या भावाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, पाण्याची भीती घालवली ती त्याला हौदात ढकलून आणि काठावर काठी घेऊन उभं राहून. सात वर्षं खिळेवालीने मार खाल्ला. आठव्या वर्षी एका दुपारी पट्टा उगारला गेला तेव्हा ती आरामखुर्चीची पाठ ठोकत होती. हातोडी हातातच होती. नवऱ्याच्या खांद्याचं हाड सुक्या फळीसारखं वाजलं. त्यानंतर तो बारा वर्षं जगला, पण तिच्याकडे पाठ करून कधी बसला नाही. संसार सुधारला असं कुणी समजू नये. हे चालतं एवढंच तिला कळलं, आणि मग तिने ते सगळीकडे चालवलं. गिऱ्हाइकाच्या गचांडीला हात घातला, पोटच्या पोराच्या पाठीवर सोफ्याच्या जाड पट्टीने वळ उठवले.

त्या पोराने लग्न केलं ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या, आवाज न चढवणाऱ्या मुलीशी. नातू झाल्यावर सुनेने एकच अट घातली. "आई, ढब्बूसमोर कुणी कुणावर हात टाकायचा नाही. तुम्ही टाकलात, की त्या दिवसापासून तो तुमच्याकडे यायचा बंद."

खिळेवालीने तोंडातले खिळे वाटीत थुंकले आणि "बरं" म्हणाली. दोन वर्षं पाळलंही. ढब्बू रडायला लागला की तिची उजवी करंगळी तोंडात धरून चोखायचा आणि गप्प व्हायचा. आयुष्यात तिच्या हाताचा दुसऱ्या कुणाला असा उपयोग झाला नव्हता.

ढब्बूला शेंगदाणा चालत नसे. म्हणजे नुसतं अंगाला खाज वगैरे नव्हे, घसा सुजून श्वासच बंद. हे अख्ख्या खानदानाला ठाऊक होतं. गेल्या वर्षी सुट्टीत सगळे थोरल्या दिरांकडे जेवायला जमले, तेव्हा त्यांनीच "बघू तर" म्हणत त्याच्या ओठाला दाण्याचा चुरा लावला होता. पोर निळं पडलं. दवाखान्यातून परतल्यावर थोरले म्हणाले, "थोडं थोडं देत गेलं पाहिजे. सवय लागते."

म्हणून यंदा खिळेवालीने सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, दाराशी बादली, साबण, टॉवेल. बाहेरचं खाणं आणायचं नाही, हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही.

थोरले सत्तरी ओलांडलेले, पण मान बैलाची. त्यांनी हात धुतले, टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. "काय गं, पोराला काचेच्या कपाटात ठेवणार का?"

"ठेवीन की. किल्ली तुम्हाला द्यायची नाही म्हणजे झालं."

सगळे हसले. थोरलेही हसले. जेवण छान झालं. हात धुवायला लावले, पण खिसे कुणी तपासले नाहीत.

सून स्वयंपाकघरात ढब्बूचं दूध गार करत होती. खिळेवाली रिकाम्या ताटांची चळत उचलायला बाहेर आली, तर ढब्बू थोरल्यांच्या दोन गुडघ्यांत अडकवलेला. थोरल्यांनी खिशातून मूठभर खारे दाणे काढले होते. तळहातावर चुरडत होते, सालं फुंकून उडवत होते. "आ कर रे. मर्द हो जरा." समोर खिळेवालीचा मुलगा, ढब्बूचा बाप, आपल्या ताटात बघत बसलेला. काकापुढे तो अजूनही सात वर्षांचाच होता.

थोरल्यांची चिमूट ओठांपासून दोन बोटांवर होती. खिळेवालीने ते मनगट धरलं आणि ओलं फडकं पिळावं तसं पिळलं. चुरा तिच्या हातावर सांडला. थोरल्यांनी बसल्या जागेवरून तिच्या पोटात लाथ घातली. ती वाकली, पण मनगट सोडलं नाही. तो हात तिने सोफ्याच्या लाकडी कडेवर आपटला. एकदा. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा बोटं मोडली. थोरल्यांनी दुसऱ्या हाताने तिचे केस धरून डोकं भिंतीवर आदळलं. तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. मग तिने कपाळच त्यांच्या नाकावर हाणलं. रक्त तिनेच ठोकलेल्या नव्या कापडावर उडालं. ते खाली पडले, तरी ती थांबली नाही. छातीवर गुडघा रोवून तिने मुठी चालवल्या, समोरचं तोंड ओळखू येईनासं होईपर्यंत. "आई, बस! मरतील!" मुलगा ओरडला, तेव्हा कुठे ती उठली.

ढब्बू कोपऱ्यात किंचाळत होता. धापा टाकत तिने त्याला उचललं आणि रोजच्यासारखी करंगळी दिली.

तो गप्प झाला. मग फारच गप्प झाला.

सून दारात उभी होती. तिने ढब्बूचे ओठ पाहिले, मग सासूचा हात पाहिला. मिठाने आणि तेलाने चकाकणारा. गेल्या वर्षी दवाखान्यातून मिळालेलं इंजेक्शनचं पेन तिने पिशवीतून काढलं, पण टोपण काही केल्या निघेना. "मांडीत, पँटवरूनच, जोरात, दाबून धरा," एवढंच ती म्हणाली.

खिळेवालीने पेन घेतलं, टोपण दातांनी उपटलं आणि मारलं. जाड कापडातून सुई घालणारा हात होता तो, एका फटक्यात गेलं. तिने दाबून धरलं. पोराच्या छातीतून आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग खोकला, मग रडणं. असलं भसाडं रडणं तिला कधी इतकं गोड लागलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दाणे कुणी दिले?"

"मी," खिळेवाली म्हणाली. कपाळावरचं रक्त वाळलं होतं. "माझ्या बोटाला होते."

त्या आत गेल्या. सून बाकड्यावर बसली होती. आवाज आजही चढला नाही. "आई, त्यांच्या हाताला दाणे आहेत हे दिसत होतं ना तुम्हाला?"

"दिसत होतं."

"मग ढब्बूला उचलून बाहेर का नाही आलात? चार पावलं होती."

खिळेवालीने विचार केला. खरंच चार पावलं होती. "सुचलंच नाही गं," ती म्हणाली.

खिळेवाली उठून बेसिनपाशी गेली. साबण तीनदा लावला, नखांत, बोटांच्या बेचक्यांत, कोपरापर्यंत. परत येऊन तिने दोन्ही हात सुनेपुढे धरले, आधी पालथे, मग उताणे. सांध्यांवरची कातडी सोलली होती.

सुनेने ते बराच वेळ पाहिले. "तो घरी येईल तेव्हा तुम्ही भेटायला यायचं नाही. मी सांगेन तेव्हाच यायचं."

"बरं."

सुनेने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. खिळेवाली त्या रिकाम्या जागेवर बसली. बाकड्याचं रेक्झिन फाटून आतला फोम वर आला होता. एरवी तिने बोट घालून पाहिलं असतं. आज हात मांडीवरच ठेवले.