पचमढीचं चित्र, अंगणातल्या फुलांसकट

"मॅडम, सूर्य जरा वर घ्या ना. इतला खाली नोता तो."

नगराळे साहेब माझ्या टेबलाजवळ उभे राहून हे सांगत होते आणि मी हातातला ब्रश पाण्यात आपटत होते. हे साहेब समुद्रपूरच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. मागच्या दिवाळीत त्यांच्यासह चार कुटुंबं मिळून पचमढीला जाऊन आली होती. साहेबांच्या पत्नी शीलाताई सरकारी दवाखान्यात नर्स, महिनाअखेरीस रिटायर होणार. निरोपाच्या कार्यक्रमात बायकोला भेट म्हणून साहेबांना चित्र हवं होतं. मागे तिथल्या धूपगड शिखरावरचा सूर्यास्त आणि पुढे ताईंच्या अंगणातली फुलं. वर्ध्यात मी ऑर्डरची चित्रं करते. लोक फोटो देतात, आठवणी सांगतात, मी रंगवते. ऐकायला फार सोपं वाटतं.

वॉटरकलरचं एक सांगते, म्हणजे माझी चिडचिड कळेल. यात पांढरा रंग लावत नाहीत. पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. सूर्याची जागा पहिल्या दिवशीच ठरते आणि तेवढा कागद कोरा ठेवून बाकीचं आभाळ रंगवायचं. नंतर सूर्य वर न्यायचा म्हणजे वाळलेला रंग ओल्या ब्रशने घासून काढायचा. जास्त घासलं की कागदाचे तंतू उठतात आणि तिथे पुढे रंग नीट बसत नाही.

"साहेब, तो आता हलत नाही."

"थोडासाच तं सांगून राह्यलो."

मी नवीन कागद घेतला. सूर्य वर गेला. मग सहलीला सोबत असलेल्या साहेबांच्या साळ्याने फोनवर चित्र पाहून सांगितलं की डोंगर एवढा चपटा नव्हता. पुन्हा नवीन कागद. मग आभाळावरून वाद. साहेब म्हणत केशरी, साळा म्हणे लाल, आणि फोटोत चक्क गुलाबी. फोटोही कसले, तर प्रत्येकात साहेब अंगठा दाखवत उभे आणि त्यांच्या खांद्यामागे चिमूटभर सूर्य. ताई एकाही फोटोत नव्हत्या. फोटो त्याच काढत असतील, असं मी धरून चालले.

फुलांची तऱ्हा निराळी. मी सांगितलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. साहेबांनी ती बाजाराच्या पिशवीत घातली, वरून वांगी घेतली आणि जामच्या फाट्यावर एसटी बदलून वर्ध्यात आले. पिशवीतून गोकर्णाचा निळा लगदा निघाला.

"यावरून काढता नाई येत का?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी त्यांच्या हातात परत दिली. दुसऱ्या दिवशी रंगांची पेटी उचलली आणि स्वतःच समुद्रपूरला गेले.

अंगण पाहून मात्र राग बराच उतरला. जास्वंद, सदाफुली, कुंपणावर गोकर्ण, आणि विहिरीच्या कडेने तेरडा नुसता फुलला होता. साहेब बाहेर गेले होते. शीलाताईंनी चहा आणून दिला आणि वेताचा मोढा ओढून शेजारी बसल्या. चित्र होतंय हे त्यांना ठाऊक होतं. साहेबांच्या पोटात एवढी गोष्ट राहणं शक्यच नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, एकदाचं तुम्हीच सांगा. त्या दिवशी आभाळ केशरी होतं की गुलाबी?"

"मले काय माहीत, मॅडम? मी कुठं पाह्यलं?"

"म्हणजे? तुम्ही गेला होतात ना?"

"गेलती ना. बॅगांपाशी बसली होती. हॉटेल सकाळीच सोडलं, जिप्सी गाडीवाला सामान उतरवून दुसऱ्या सवारीले गेला. वांदरं लय आहेत तिथं. कोणाले तं बसाच लागते."

"आणि धबधब्यावर?"

"तिथं सगळे आंघोळीले उतरले. कपडे, मोबाइल, चपला माह्यापाशी."

हे त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या, याचा मला जास्त संताप आला. बाई आयुष्यभर ड्यूटी करून एकदाच सहलीला गेली आणि तिथेही ड्यूटीच केली. आता तिला भेट मिळणार होती न पाहिलेल्या सूर्यास्ताची, आणि तो कोणत्या रंगाचा यावर पुरुषमंडळी भांडत होती.

"मग तुम्ही काय पाहिलं?"

त्या लगेच खुलल्या. बॅगांजवळ एक भिंत होती. भिंतीखाली भुट्टे भाजणारी गोंड म्हातारी बसली होती. दोघी बोलत बसल्या. भिंतीच्या फटीत तेरडा होता, त्याच्या पिकलेल्या शेंगा हात लावला की फुटायच्या. दोघींनी मिळून सगळ्या फोडल्या आणि ताईंनी बिया रुमालात बांधून आणल्या.

"थोच हा तेरडा," विहिरीकडे हात करून त्या म्हणाल्या.

मी वर्ध्याला परतले आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, ताईंनी सूर्यास्त पाहिलाच नाही."

"काऊन नाई पाह्यला? सगळे सोबतच तं होतो!"

"सामान कुठे होतं?"

"बॅगा खाली होत्या."

"कोणाजवळ?"

ते साहेबांच्या लक्षात आलं असावं. मग म्हणाले, "आता काय बॅगांचं चित्र काढता का, मॅडम? कार्यक्रमाले लोक येतीन. काय म्हणतीन?"

"दुसरं चित्र माझ्याकडून होणार नाही. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

"काढा," ते म्हणाले. "पण सूर्य टाका कुठंतरी."

शेवटचा चांगला कागद होता. त्यावर भिंत आली, बॅगांचा ढीग आला, भुट्ट्यांची शेगडी आली आणि दोन बायका आल्या. पुढे जांभळा-गुलाबी तेरडा, अंगणात बसून काढलेल्या स्केचवरून. सूर्य टाकला नाही. मावळतीचा उजेड तेवढा बॅगांवर टाकला.

निरोपाच्या कार्यक्रमात कापड काढलं तेव्हा पाहुणे पचमढी शोधायला लागले. कोणी म्हणालं, हे बसस्टँड दिसते. साहेब घाम पुसत होते आणि मीही मागच्या दारापाशी उभी होते, म्हणजे वेळ आलीच तर निघता येईल.

शीलाताई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. एकेक बॅग बोटाने दाखवून कोणाची कोणती ते सांगितलं. मग म्हातारीच्या चेहऱ्यावर हात ठेवला आणि तिथेच रडल्या. मला वाटलं, आता आटोपलं. पण त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाल्या, "या दिवाळीत परत जाऊ. बॅगांपाशी तुम्ही बसजा."

हॉल हसला. साहेबांनाही हसावं लागलं. आणि ते खरोखर गेले, खरोखर बसलेही. एका माकडाने त्यांचा चष्मा नेला, असं ताईंनी मला फोनवर फार आनंदाने सांगितलं.

तेव्हापासून सहलीच्या चित्राची ऑर्डर आली की फोटो मी नंतर मागते. आधी विचारते, सामान कोणाजवळ होतं? गिऱ्हाईक थोडं अडखळतं, आणि मग घरात कोणाला तरी हाक मारतं.