बापाले मारनारी कॉफी

माह्या बापाले मारू शकन असा मानूस आमच्या गावात कोनी नोयता. तो आलापल्लीच्या बाजूले लाकडाच्या डेपोत जमादार. सागाच्या ओंडक्यावर ठप्पा मारायचा हातोडा दिवसभर त्याच्या हातात राहे. संध्याकाळी हातोडा सुटे, पन मारनं सुटे नाई. मोहाची दारू टाकून आला का पयले दाराले लाथ, मंग गाईले, मंग मले, अन् उरलंसुरलं मायले. रेशनच्या दुकानासारखं, नंबरानं.

मी त्याची नक्कल करो. मान खाली, छाती पुढं, अन् "काऊन बे, तुह्या बापाचं जंगल हाये का?" ओंडका चोरनारा सापडला का तो असाच गुरगुरे. डेपोतले मजूर पोट धरून हासत. एक दिवस हासता हासता सारे एकदम चूप झाले. मले वाटलं, नक्कल कमी पडली, म्हून अजून जोरात गुरगुरलो. तो मागंच उभा होता. तवापासून माहा पुढचा दात अर्धाच हाये. फायदा इतकाच का त्या फटीतून शिटी भारी वाजते, अन् आता मले बल्लारशाच्या रेल्वेगार्डाची नक्कलबी येते.

मंग एका संध्याकाळी त्यानं मायचा हात मोडला. भाजीत मीठ जास्त झालं म्हून का कमी झालं म्हून, ते अजूनबी आमाले माहीत नाई. हात पिरगळला अन् वाळली काडी मोडावं तसा आवाज आला. मी आजपर्यंत लय आवाज काढले, तो एक कधी काढला नाई.

हाड बसवनारा एक गोंड म्हतारा होता. त्याले बलावलं. त्यानं बांबूच्या कामट्या सोलल्या, पाला कुटला, अन् मले म्हने, "तू बाजूले हो, पोट्ट्या." बापाले म्हने, "तू ये. तूच मोडला, तूच धर."

बापानं धरलं. म्हताऱ्यानं हाड ओढलं तशी माय अशी वरडली का आंगनातली कोंबडीबी छपरावर चढली. बापाच्या हातात तिचा हात, तोंडासमोर तिचं तोंड. तिथून पयाले जागा नोयती.

त्यानं शपथ-बिपथ काई घेतली नाई. फक्त दुसऱ्या दिवशी तो दारूच्या भट्टीकडे गेला नाई. पन मोहाची सोडनं का सोपी गोष्ट हाये? दिवे लागले का त्याचे हात थरथरत. घाम सुटे. उठे अन् मातीच्या भिताडाले बुक्क्या मारे. भिताडात हा एवढा खड्डा पडला, कोंबडी बसन इतका. माय म्हने, "भिताड कितीक दिवस पुरन? भिताड सरलं का आपला नंबर."

बाजूच्या घरी, त्याच भिताडाच्या पल्याड, डेपोतल्या कारकुनाची बायको राहे, सिरोंच्याकडची. तेलुगू बाई. सारे तिले अम्मा म्हनत. एका संध्याकाळी बाप भिताड ठोकून राह्यला होता, अन् अम्माच्या भांड्यायच्या फळीवरचा काशाचा गिलास खाली पडला. ती कुंपनापाशी आली. हातात वाफेचा पेला.

"ए जमादारभाऊ! माझं भिंत तोडू नको. हे घे, पी, गप बस."

बापानं एक घोट घेतला. त्याचं तोंड असं झालं का जसी कोनं थापड हानली. डोये मोठे, मिशा वर. दुसरा घोट घेतला. मंग तिथीच उकिडवा बसला.

"हे काय हाये वो बाई?"

"काफी."

"हे तं मलेच मारून राह्यलं," बाप म्हने. अन् सारी संध्याकाळ तो तसाच बसला, मार खाल्लेल्या बैलासारखा.

मायनं ते पाह्यलं. दुसऱ्या दिवशी सकायीच, गयात हात बांधलेला, ती अम्माच्या दारात. "बाई, मले हे शिकवा. हे चांगलं जमलं तं आमी जगू. नाई जमलं तं हा परत भट्टीवर जाईन."

अम्माची शिकवनी म्हंजे मार. मायचा एक हात बांधलेला, म्हून कुटनं-भाजनं माह्याकडे, अन् अम्माचा उलथनाबी माह्याच बोटायवर. हिरव्या बिया लोखंडी कढईत टाकाच्या, खाली जाळ एकदम मंद. मी जाळ सारला का, "वद्दु, वद्दु! नको रे माकडा!" अन् टन्न. बिया हलवत राहाच्या, हात थांबला का टन्न. बिया पयले पिवळ्या होतात, मंग हरभऱ्यासारख्या तडतडतात. रंग अस्वलाच्या नाकावानी झाला का कढई उतरवून बिया लगेच सुपात ओताच्या अन् पाखडून थंड कराच्या, कारन कढईतून काढल्या तरी त्या आतून भाजतच राहतात. माह्या बापासारख्या.

मंग खलबत्त्यात कुटाच्या, रव्याइतक्या. पीठ झालं तं पानी खाली उतरत नाई, भरड राह्यलं तं सर्र निंघून जाते अन् चव वरच राह्यते. कॉफी गाळाचं भांडं पितळेचं, दुमजली, वरच्या मजल्याच्या बुडाले सुईच्या नाकाएवढी भोकं. भुकटी वर दाबाची नाई, फक्त हातानं थापटाची. उकयत्या पान्याचा पयला जोर जाऊ द्याचा, मंग आधी इतकंसं टाकाचं, भुकटी फुगू द्याची, मंग बाकीचं, गोल गोल. झाकन लावाचं. अन् मंग थांबाचं. माह्यानं थांबवत नसे, मी झाकन उचलो. टन्न.

"अम्माचा नवरा तिले कदी मारत नसन," मी मायले म्हनलं.

"त्याची हिंमत हाये का?" माय म्हने.

कामट्या सुटेपर्यंत मायचा हात असा बसला का अम्मा स्वतः आमच्याइथी पेवाले येऊ लागली. काया दाट रस खाली टिपटिप उतरे, म्हशीचं दूध अलग तापे, अन् बाप दारात पाय ठेवताच दोन्ही एका पेल्यात पडत. तिखट, कडू, मांगून जरासी गोड. मलेबी नाद लागला. मी तं पयला घोट जिभीवर फिरवून अम्मासारखं मुंडकं हलवो अन् म्हनो, "बागुंदी! झकास!" बापबी हासे. हासतानी तो कसा दिसते ते मले तवाच माहीत झालं. लगेच नक्कलेत घेतलं.

दिवाळीच्या जरा आधी अम्माच्या नवऱ्याची बदली झाली. सिरोंच्याकडून बिया तिचाच भाऊ आने. ती गेली, बिया गेल्या. जाताना पितळेचं भांडं मायले देऊन गेली, अन् मले एक टन्न, आठवन म्हून.

डब्यात बिया सरत गेल्या अन् तिकडं मंडईचे दिवस आले. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली का गावोगावी मंडई भरते, जत्राच ती. दंडारीचा नाच-तमाशा, कोंबड्यायची झुंज, अन् मोहाची तं पान्यासारखी वाहते. सारे जुने दोस्त दारावरून जात. "चाल ना भाऊ! बायकोनं बांधून ठेवलं का बे?" बाप दात चावत बसून राहे. त्याच्या जबड्याचा आवाज मले चुलीपाशी आयकू ये.

शेवटी मूठभर बिया उरल्या. मायनं रानातून तरोट्याच्या वाळल्या शेंगा आनल्या. उकिरड्यावर उगवते तोच तरोटा. बिया काढून भाजल्या, कुटल्या, अर्ध्या तरोट्याच्या, अर्ध्या खऱ्या. मी चाखून पाह्यलं.

"कशी हाये?"

"बिडी भिजवून प्यालासारखी."

"तोंड मिटून बस," माय म्हने. अन् जो हात मोडला होता त्याच हातानं भांड्यावर झाकन लावलं.

त्या संध्याकाळी बापासंगं त्याचा एक जुना पिनारा दोस्तबी आला. कोटाच्या खिशात पयल्या धारेची बाटली, बूच निंघालेलं. तो दारालेच टेकून उभा राह्यला. बापानं घोट घेतला. थांबला. परत घेतला.

"हे काय हाये?"

"तरोटा हाये अर्धा," माय म्हने. लपवलं नाई. "बिया सरल्या. जे होतं त्यात केलं."

दोस्त खदखदा हासला. "जमादाराले उकिरडा पाजून राह्यली! फेक बे ते. हे घे." अन् बाटली पुढं केली.

बापानं पेला भिताडावर फेकला. मायची वेनी धरली. मी त्याच्या पाठीवर उडी मारली, त्यानं मले झटकलं तसा मी धान्याच्या कनगीवर जाऊन पडलो. मायनं खलबत्त्याचा बत्ता उचलला अन् त्याच्या नडगीवर हानला. असा हानला का बाप वरडून खाली बसला. मी पयल्यांदा पाह्यलं त्याले कोनी मारताना. दोस्ताची बत्तीशी अजूनच उघडली. "बायकोनं पाडलं बे जमादाराले!"

माय म्हने, "जा. पी. पन आता हाड मोडलं तं तो म्हतारा तुले धराले बलावनार नाई. मीच राहनार नाई इथी. पोट्ट्याले घेऊन चालली."

आजवर ती त्याले तुमी म्हने.

बापानं दोस्ताच्या हातातली बाटली हिसकली. मी खरं सांगतो, ती त्यानं मायवरच फेकली. नेम चुकला. बाटली चुलीत फुटली, अन् पयल्या धारेची ती, भक्कन असा जाळ उठला का छपराच्या कवेलूपर्यंत गेला. मायच्या पदरानं पेट घेतला. दोस्त असा पयाला का त्याची टोपी आमच्याइथीच राह्यली.

बापानं मायले ओढून जमिनीवर पाडलं अन् पदर दोन्ही हातानं चुरगळला. पेटलेलं लुगडं, उघडे हात. दाबते, सोडते, परत दाबते. मी घागर रिकामी केली, अर्धी मायवर, अर्धी त्याच्यावर. जळक्या मिशीचा वास सुटला. माय उठून बसली. तिच्या दंडाले चटका होता, बाकी काई नाई. बापाचे तळहात मात्र सोललेल्या कोंबड्यासारखे दिसत होते.

 मले कोनाचीच नक्कल सुचली नाई.

मायनं त्याच्या हाताले तूप चोपडलं. हळू नाई, चांगलं रगडून. तो दात चावून बसला. मंग तिनं भांड्यात उरलेला काया रस वाटीत ओतला. दूध जाळात उतू गेलं होतं, म्हून बिनदुधाचाच. त्याले वाटी धरता येत नोयती. तिनं त्याच्या तोंडाले लावली.

"पाजून राह्यली म्हून माफ केलं असं समजू नोको."

बाप प्याला. सारी वाटी. शेवटचा घोट तोंडात धरला, गिळला, अन् जमिनीकडे पाह्यत म्हने,

"तरोटा कच्चा राह्यला. उद्या अजून भाजजो."

माय म्हने, "तुह्या घरचे नोकर नाई आमी. हात बरे झाले का स्वतः भाज."

हात बरे झाले तं होळी आली. तोवर रोज दिवे लागले का माय निस्त्या तरोट्याची वाटी त्याच्या तोंडाले लावे अन् मी चुलीपाशी कढई हालवत राहो. होळीनंतर तो स्वतः चुलीपुढं बसला. बोटं नीट मिटत नोयती, म्हून बिया हालवताना उलथना दोन्ही मुठीत धरे, कुऱ्हाड धरावं तसा. पयल्या दिवशी सारा घान कोळसा झाला. आमी तिघं तो कोळसा प्यालो. मायनं दोन घोट घेतले, वाटी खाली ठेवली अन् त्याले म्हने, "जाळ कमी कर."

त्यानं जाळ कमी केला.